मदत हवी आहे: लिनक्स ड्रायव्हरमधील स्पेक्टर (प्रकार १) – इंडेक्सचे मास्किंग नेमके कुठे करावे?

नमस्कार मंडळी,

मुख्य सोर्स ट्रीबाहेर सांभाळला जाणारा एका मोजमाप-कार्डाचा ड्रायव्हर ६.१ कर्नलवर आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यावर स्मॅच (कोड न चालवता त्यातील चुका शोधणारे साधन) चालवले असता आयऑक्टल (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला येणारी आज्ञा) हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये ‘पोटेन्शियल स्पेक्टर इश्यू’ अशी वॉर्निंग आली आणि कोड वाचल्यावर ती मला खोटी वाटत नाही. युजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडून) चॅनेलचा क्रमांक येतो, तो एकूण चॅनेलांपेक्षा कमी आहे ना हे पाहिले जाते, त्या क्रमांकाने ऍरेमधून एक किंमत वाचली जाते आणि तीच किंमत पुढे कॅलिब्रेशनच्या तक्त्यात ऑफसेट म्हणून वापरली जाते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०१७-५७५३ चा (म्हणजे स्पेक्टर प्रकार १ या प्रोसेसरमधील त्रुटीचा) हा अगदी नमुनेदार आकार आहे: वैध क्रमांक पुन्हापुन्हा देऊन ब्रँच प्रेडिक्टरला सवय लावली आणि मग हद्दीबाहेरचा क्रमांक दिला, तर तपासणीचा निकाल लागण्याआधीच प्रोसेसर दोन्ही ठिकाणी वाचून मोकळा होतो, ते काम मागाहून रद्द झाले, तरी तक्त्याचा कोणता भाग कॅशमध्ये आला हे वेळ मोजून ताडता येते. सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या यंत्रणेतील) स्पेक्टर_व्ही१ ही फाइल ‘मिटिगेशन’ दाखवते खरी, पण बाहेरच्या ड्रायव्हरमधील अशा जागांची हमी ती देत नाही.

तपासणीच्या लगेच खाली मी ऍरे_इंडेक्स_नोस्पेक (हद्दीबाहेरच्या इंडेक्सवर मास्क लावून तो शून्य करणारा कर्नलचा मॅक्रो) घातले आहे. एक्स८६ वर ऑब्जडम्पमध्ये (मशीन कोड दाखवणाऱ्या साधनात) सीएमपी, एसबीबी आणि अँड अशा तीन सूचना दिसतात. मास्क ब्रँचवर नव्हे तर गणितावर अवलंबून असल्यामुळे चॅनेलांची संख्या मेमरीतून उशिरा आली तरी पुढचे वाचन तिच्यासाठी थांबते, असे मी समजतो. हा मार्ग वारंवार वापरला जात असल्याने एल-फेन्स (आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत पुढच्या थांबवणारी सूचना) मला नको आहे.

अडचण पुढे आहे. चॅनेलांची संख्या डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये असून फर्मवेअर पुन्हा लोड झाल्यावर ती बदलू शकते. म्हणून ती रीड_वन्सने (कंपायलरला पुन्हा वाचू न देणाऱ्या मॅक्रोने) एकदाच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेऊन तपासणी आणि मास्क दोन्हींसाठी वापरावी, की सगळे लॉकखालीच हवे? दुसरे म्हणजे, मास्क केलेला इंडेक्स उघडलेल्या फाइलच्या खाजगी स्ट्रक्चरमध्ये साठवला जातो आणि नंतर रीडच्या वेळी वापरला जातो. साठवलेली किंमत वैध असली, तरी सीव्हीई-२०१८-३६३९ मधल्याप्रमाणे स्टोअर (मेमरीतले आधीचे लिखाण) ओलांडून त्या जागेतली जुनी किंमत अंदाजाने वाचली जाण्याची शक्यता उरते. स्ट्रक्चर के-झॅलॉकने (मेमरी घेऊन ती शून्यांनी भरणाऱ्या फंक्शनने) घेतलेले असल्यामुळे त्याआधी तिथे काय होते यावर माझा ताबा नाही. अशा ठिकाणी वापराच्या वेळी मास्क पुन्हा लावण्याची पद्धत आहे का, की परीक्षक त्याला अनावश्यक ठरवतात? माझा कल पुन्हा लावण्याकडे आहे, कारण संख्या कमी होऊ शकत असेल तर रीडमध्ये तपासणी तशीही करावीच लागेल आणि तिच्यासोबत नवी ब्रँचही येईल.

ज्यांनी असे पॅच मुख्य कर्नलमध्ये पाठवले आहेत, त्यांनी कृपया सांगावे.