अनुभव धागा : अर्धी भरलेली कॅसेट आणि जुने रॉक अल्बम

कुंभारगल्ली

गेल्या रविवारपासून डोक्यात एकच विषय आहे, म्हणून लिहितो.

२०१९ च्या पुरात आमच्या कोल्हापुरातल्या घराच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर जे वाळवून ठेवता आलं ते माळ्यावर टाकलं आणि विसरलो. परवा माळा काढताना बुटांचा एक खोका सापडला. आत अकरा कॅसेटी. सगळ्यांवर चिखलाची वाळलेली रेघ, एकाच उंचीवर, पट्टीने आखल्यासारखी. त्यातल्या एकीवर माझ्याच अक्षरात ‘पिंक फ्लॉईड – डार्क साइड’. साल १९९२, मी अकरावीत.

ती साठची कॅसेट होती, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. अल्बम जवळजवळ त्रेचाळीस मिनिटांचा. दुसरी बाजू पुसायची सोय नव्हती, कारण तिकडे ताईच्या गाण्याच्या परीक्षेचा सराव भरलेला होता आणि आईची सक्त ताकीद होती. त्यामुळे ‘अस अँड देम’ निम्म्यावर आलं की टक्कन आवाज व्हायचा, आमचा डेक आपोआप बाजू बदलायचा आणि तानपुरा सुरू व्हायचा. मग ताईचा भूप राग. तेरा-चौदा वर्षं मी तो अल्बम असाच ऐकला. पुढे कॉम्प्युटरवर, मोबाइलवर सगळं आलं, पण तेव्हा एकेक गाणं सुटं ऐकायची सवय लागली होती. सलग शेवटापर्यंत कधी बसलोच नाही.

खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर अकरावीतले आम्ही चौघेही जमलो. राजारामपुरीत एकाच्या गच्चीवरच्या खोलीत. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, हा अल्बमही आहे. फोन खाली स्वयंपाकघरात ठेवले. ‘मनी’च्या सुरुवातीला नाणी, गल्ला, कागद फाटल्याचा आवाज येतो ना? हे सगळे आवाज वेगवेगळे मुद्रित करून, टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून त्यांचं चक्र फिरवलंय. १९७३ चा अल्बम, संगणक नाही, हातात कात्री. ते ऐकताना आम्ही चौघं खुदकन हसलो, कारण अकरावीत कँटीनच्या टेबलावर चमच्यांनी आम्ही हाच ताल वाजवायचो आणि सात मात्रा कधीच जमायच्या नाहीत.

मग ‘अस अँड देम’. सॅक्सोफोन झाला, ती ठरलेली जागा आली आणि माझ्या कानांनी तानपुऱ्याची वाट पाहिली. तानपुरा आला नाही. गाणं पुढे गेलं. त्यापुढे आणखी तीन. आणि अगदी शेवटी ते हृदयाचे ठोके, ज्यांनी अल्बम सुरू होतो तेच, हळूहळू लांब जात जात थांबले. ते परत येतात हे मला माहीतच नव्हतं. सुई मधल्या लेबलजवळ खरखरत राहिली, उठून ती उचलावी असं कुणालाच वाटलं नाही.

तुम्ही कुठला अल्बम, कुणाबरोबर, कुठे ऐकलात? आणि आता पुन्हा ऐकताना काय झालं? लिहा.

गूळ_आणि_गिटार

वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या 😄 आमच्याकडे डीप पर्पलचा मशीन हेड, त्यातलं ‘स्मोक ऑन द वॉटर’. मोठा भाऊ दिवसभर गिटारच्या एकाच तारेवर शून्य-तीन-पाच, शून्य-तीन-सहा-पाच. पुढचं येतच नव्हतं त्याला. शेजारच्या काकू म्हणायच्या, अरे पुढचं शिक की रे बाळा.

परवा भाऊ पुण्याहून आला होता तेव्हा दोघांनी अख्खा अल्बम लावला. त्यानं भाचीला गोष्ट सांगितली की हे गाणं खऱ्या आगीवरचं आहे. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कॅसिनोला आग लागली आणि तळ्यावर धूर पसरला. यांचं रेकॉर्डिंग त्याच कॅसिनोत व्हायचं होतं, ते मग एका बंद हॉटेलच्या बोळात झालं. भाची म्हणाली, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहासारखं? आम्ही दोघं गप्पच झालो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपलं ते नाट्यगृह जळालं, ती रात्र आठवली. भाऊ पुण्यात होता, मी त्याला फोनवर सांगत होते आणि दोघंही रडत होतो. त्या रंगमंचावर त्याचं कॉलेजातलं पहिलं नाटक झालं होतं.

तालीम_कोपरा

नाट्यगृहाचं नाव काढलं की पोटात तुटतं अजून. आमचा आजा तिथं पडदे वडायला हुता.

रंकाळा_सांज

लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमवर नावच नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. १९७१ चा. मुखपृष्ठावर फक्त पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला म्हातारा. महाद्वार रोडजवळ एक जण कॅसेट भरून द्यायचे. मी पंधरा दिवसांनी आणायला गेलो तर कॅसेटवर बॉलपेनने लिहिलेलं, ‘म्हातारा – लाकडं’. काय लिहिणार बिचारे! आमच्या ग्रुपमध्ये आजही त्या अल्बमचं नाव तेच आहे. ‘लाव की म्हातारा’ म्हटलं की कळतं.

जयप्रभा_नाका

@रंकाळा_सांज ‘लाव की म्हातारा’ 😂😂 मेलो. बायको विचारतीय काय झालं.

तालीम_कोपरा

म्हाताऱ्यातलं शेवटचं गाणं, लेव्ही ब्रेक्स. ते ड्रम एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याखाली ठेवून वाजवल्यात आणि माइक वर जिन्यात टांगल्यात. हे वाचलं आणि आम्ही पोरांनी पेठेतल्या वाड्याच्या जिन्याखाली ढोल ठेवला. दगडी जिना, वर लाकडी कठडा. टेपरेकॉर्डर दुसऱ्या मजल्यावर. भावा, एक ठोका टाकला आणि जे घुमलं! जाळ आणि धूर संगटच. वरनं काकी ओरडली ते पण त्यात भरलं. त्या वाड्याच्या जागेवर आता अपार्टमेंट झाल्या. ती टेप मातूर माझ्याकडं हाय, काकीच्या आवाजासकट. काकी गेली गेल्या वर्षी.

गूळ_आणि_गिटार

@तालीम_कोपरा ती टेप जपा दादा. आजच एक प्रत करून ठेवा. खरंच.

भूप_आणि_बरंच

अरे! तो भूप माझा आहे. धाग्याची लिंक वहिनीने पाठवली. तू मला तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस की माझी परीक्षा पिंक फ्लॉईडच्या मागे जोडलेली होती.

आता माझी बाजू. तू डेक लावायचास तेव्हा मी आतल्या खोलीत पलटे घोटत असायचे, त्यामुळे तुझा अल्बम मलाही पाठ आहे, भिंतीपलीकडून. त्यातलं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ सुरू झालं की माझा रियाज थांबायचा. त्यात शब्दच नाहीत. क्लेअर टोरी नावाची गायिका, तिला स्टुडिओत बोलावलं, शब्द नाहीत, सुरावट लिहिलेली नाही, फक्त गा म्हणाले. मानधन तीस पौंड. तिने जे गायलं ते त्या गाण्याचा प्राण झालं, पण रचनेत तिचं नाव लागायला कोर्टात जावं लागलं आणि २००५ उजाडावं लागलं.

आमचे गुरुजी जयपूर-अत्रौली घराण्याच्या तालमीतले. एकदा घरी आले असताना तुझा डेक चालू होता. मी घाबरून बंद करायला धावले तर हातानेच ‘थांब’ म्हणाले. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, ही बाई श्वास कुठे घेते ते बघ, आकार कुठेही चपटा होत नाही. आणि लगेच मला भूपाची आलापी गायला बसवलं. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी गायक म्हणून ठेवलं, तिथल्या माणसाचा कान असा मोकळा असणारच, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

ती कॅसेट फेकू नकोस. माझा त्या वयातला आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

कुंभारगल्ली

ताई 🙏 फेकत नाही. पण चिखलामुळे रीळ चिकटलंय, चाक फिरत नाही. कुणाला माहीत आहे का हे कसं सोडवायचं?

लेथ_आणि_लय

हे माझं काम आहे, नीट वाचा. पहिली गोष्ट, कॅसेट डेकमध्ये घालू नका, रीळ तुटेल आणि हेडला चिखल लागेल तो वेगळाच. दुसरी, हेअर ड्रायर वगैरे मारू नका. कॅसेटला स्क्रू असतील तर बारीक पेचकसाने खोला, चारही कोपऱ्यांतले आणि मधला. वरचं झाकण सरळ उचला, आडवं नको, नाहीतर रीळ उडून गुंता होतो. आतली दोन्ही चाकं तशीच उचलून स्क्रूच्या दुसऱ्या रिकाम्या कॅसेटीत बसवा. त्याआधी रिळाचे थर सुटे होतात का ते हाताने, अगदी हळू, बोटभर बोटभर बघा. चिकटलंय तिथे ओढू नका. शुद्ध पाण्यात ओला केलेला मऊ कपडा चालतो, स्पिरिट रिळाला लावू नका, ते फक्त हेड पुसायला. गाळ पूर्ण निघाल्यावर, दोन दिवस सावलीत वाळवून मगच वाजवा, आणि पहिल्याच वेळी कॉम्प्युटरवर भरून घ्या. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

डेक आहे का चालू? नसेल तर बेल्ट गेलेला असतो. माझ्या डेकची कप्पी झिजली होती, कुठे मिळेना. उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांना जुनी दाखवली. त्यांनी व्हर्नियर लावला, पितळेचा तुकडा घेतला आणि चहा येईपर्यंत नवी कप्पी हातात. पैसे विचारले तर म्हणाले, वाजलं की ऐकायला बोलव. बोलावलं. बीटल्सचा सार्जंट पेपर लावला, त्यातलं जॉर्ज हॅरिसनचं सतार-दिलरुबावालं गाणं आलं तसे काका म्हणाले, हे तर आपलंच वाजतंय की.

जयप्रभा_नाका

राजारामपुरीत डेकचे बेल्ट कुठे मिळतात कुणी सांगेल का? आणि स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटी?

लेथ_आणि_लय

@जयप्रभा_नाका व्यनि (खासगी निरोप) करतो.

पाचगणीकर_सून

क्वीनचं कुणीच लिहिलं नाही म्हणून घाईत लिहिते, मुलाची बस यायची आहे. माझं माहेर पाचगणी. फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तेव्हा फारुख बुलसारा. शाळेतच पोरांचा बँड होता, द हेक्टिक्स, त्यात हा पियानोवर. माझ्या वडिलांना हे अजिबात माहीत नव्हतं. लग्नानंतर कोल्हापुरात नवऱ्याने ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ लावला, १९७५ चा, आणि म्हणाला हा तुझ्या गावचा. मला खोटंच वाटलं. पुढच्या दिवाळीत बाबांना हेडफोन लावून ‘बोहेमियन रॅप्सडी’ ऐकवलं. मधल्या ऑपेराच्या भागात ‘बिस्मिल्ला’ ऐकून त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले. संपल्यावर म्हणाले, पहिल्यापासून लाव.

तालीम_कोपरा

वहिनी, पाचगणीला जाताना सातारच्या अलीकडं मिसळ कुठली खाताय? आमचं दरवेळी भांडण हुतंय.

पाचगणीकर_सून

कोल्हापूरहून निघताना खाऊनच निघायची, त्यात भांडण कसलं 😊

जयप्रभा_नाका

वहिनी नाद खुळा 👏

अभ्यास_चालू_आहे

मी एकोणीस वर्षांचा आहे, तुमच्यासमोर बोलायला थोडं दडपण येतं. बाबा आणि मी फारसं बोलत नाही. दहावीनंतर तर नाहीच. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस लाइट नव्हती, माझ्या फोनमध्ये ‘विश यू वुअर हिअर’ उतरवून ठेवलेला होता. अंधारात लावला. शीर्षकगीताची सुरुवात रेडिओतून आल्यासारखी बारीक होते ना आणि मग दुसरी गिटार अगदी शेजारी बसल्यासारखी येते, तिथे बाबा स्वयंपाकघरातून मेणबत्ती घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, हा अल्बम यांनी आपल्या जुन्या मित्रासाठी केलाय, सिड बॅरेट, त्यानेच बँड उभा केला होता आणि नंतर त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मग खाली बसले. मग त्यांच्या एका मित्राबद्दल बोलले, ज्याचं नाव मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. तासभर बोलले असतील. लाइट आली तरी दिवा लावला नाही आम्ही.

रंकाळा_सांज

@अभ्यास_चालू_आहे बाळा, दडपण कसलं. बाबांना आमचा नमस्कार सांग. आणि त्यांना ‘म्हातारा – लाकडं’ माहीत आहे का विचार.

गूळ_आणि_गिटार

हे वाचून डोळे भरले. भाजी करपली, पण असू दे.

भूप_आणि_बरंच

@अभ्यास_चालू_आहे त्या मित्राबद्दल पुन्हा विचार त्यांना. स्वतःहून सांगणार नाहीत.

कुंभारगल्ली

शनिवारी लेथवाल्या दादांनी सांगितलं तसं केलं. चौघेही बसलो होतो, एकाने टॉर्च धरला, एकाने भिंग. रिळाचा बाहेरचा वीतभर भाग गेला, तो सुटलाच नाही. बाकीचं दोन तासांत सुटलं. दोन दिवस सावलीत वाळवलं, मग पुन्हा चौघे जमून वाजवलं. जिथे चिखल जास्त होता तिथे आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. ‘टाइम’मधली घड्याळं मात्र स्वच्छ वाजली, सगळी एकदम.

मग ती जागा आली. टक्. आणि तानपुरा.

ताई, तुझा भूप जवळजवळ सगळा आहे. सुरुवातीचं ‘चालू झालं का?’ हे आईने विचारलेलंही आहे त्यात. फाइल पाठवलीय, हेडफोनवर ऐक. रात्री साडेअकराला आम्ही चौघं गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिऊन आलो, अकरावीत परीक्षा संपली की जायचो तसे.

भूप_आणि_बरंच

ऐकलं. आत्ता काही लिहीत नाही. फोन कर.

जयप्रभा_नाका

दूध कट्ट्यावर हल्ली किती वाजेपर्यंत असतात?