लाफायेतचं व्हर्मिलियनव्हिल: सासूबाईंना घेऊन जाण्यासारखं आहे का?

मांजलपूरकरीण

नमस्कार बडोदेकर मंडळी. ऑक्टोबरात ह्यूस्टनला लेकीकडे जातेय. बरोबर सासूबाई आहेत. अठ्ठ्याहत्तरी गाठलीय, गुडघे कुरकुरतात, पण हौस आमच्या दुप्पट. जावयांनी न्यू ऑर्लिन्सचा बेत आखलाय, गाडीने. वाटेत लुइझियाना राज्यातलं लाफायेत लागतं, तिथे व्हर्मिलियनव्हिल नावाचं एक जुन्या घरांचं खेडं आहे म्हणे, केजन लोकांचं. लेक म्हणाली, "आजीला आवडेल, जुने कपडे घालून माणसं सूत कातत बसलेली असतात." त्यावर सासूबाई: "जुनी घरं बघायला अमेरिकेत कशाला? रावपुऱ्यात चल की."

आता मला सांगा, हे केजन नक्की कोण? दोन-अडीच तासांत बघून होतं का? चालणं किती? आणि मुख्य चिंता पोटाची. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. कृपा करून जाऊन आलेल्यांनीच लिहा, यूट्यूब बघून मीही सांगू शकते.

दांडियाबाजारचा ओव्हरसियर

सासूबाईंना नमस्कार सांगा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मी नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही बघत आलोय. भिंतीवरच्या चित्रांना तोड नाही, पण तिथे चूल पेटलेली दिसत नाही, कोणी जात्यावर बसलेलं दिसत नाही. व्हर्मिलियनव्हिलला तेच दिसतं. घरं म्हणाल तर तिथली काही खरीच जुनी, दुसरीकडून उचलून आणून बसवलेली, आणि बाकीची त्याच पद्धतीने नव्याने बांधलेली. 1990 साली हे सुरू झालं. व्हर्मिलियनव्हिल हे लाफायेतचंच जुनं नाव, 1884 मध्ये बदललेलं.

केजन कोण, ते थोडक्यात सांगतो. हे मूळचे फ्रेंच शेतकरी. सतराव्या शतकात आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूला जाऊन वसले. त्या मुलखाला तेव्हा अकेडिया म्हणत, म्हणून हे अकेडियन, आणि त्याचंच पुढे केजन झालं. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि खाजणात गहू पिकवायचा, असा त्यांचा धंदा. 1713 मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला. राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घ्या म्हणून तगादा सुरू झाला, यांनी घेतली नाही. मग 1755 मध्ये गावं जाळली, माणसं जहाजात कोंबली आणि जिकडेतिकडे नेऊन टाकली. 1763 पर्यंत दहा हजारांहून जास्त लोक असे देशोधडीला लागले. 1765 च्या सुरुवातीला ब्युसोले ब्रुसार नावाचा त्यांचा पुढारी दोनेकशे माणसं घेऊन लुइझियानात उतरला आणि त्याच वर्षी वारलाही. पुढे 1785 मध्ये फ्रान्समधून सात जहाजं भरून आणखी सोळाशेच्या आसपास आले. आणि गंमत म्हणजे तेव्हा लुइझियाना फ्रान्सचं नव्हतंच, स्पेनचं होतं! मालक कोण आणि राहणारे कोण याचा हिशोब आपल्या बडोदेकरांना वेगळा समजवायला नको.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो. बांधकाम खात्यात जन्म गेला, त्यामुळे मी भिंतीच बघणार. तिथल्या सायप्रसच्या खांबांमध्ये आडव्या काठ्या अडकवतात आणि त्यांवर मातीचे लांबट गोळे घडी घालून बसवतात. त्या मातीत झाडांवरून लोंबणारी करडी जटा मिसळतात, स्पॅनिश मॉस. नाव मॉस, म्हणजे शेवाळ, पण कूळ अननसाचं. ती तशीच नाही घालत. आधी पाण्यात किंवा ढिगात कुजवतात, वरची करडी साल झडून जाते आणि आतून घोड्याच्या शेपटीसारखा काळा, चिवट दोर निघतो. तो मातीला धरून ठेवतो. एका भिंतीचा तुकडा बघणाऱ्यांसाठी गिलावा न करता उघडा सोडलाय, तिथे मी चष्मा काढून नाक लावून बघत उभा होतो. मुलगा म्हणे, बाबा, लोक बघतायत. बघू देत. आपल्याकडे कुडाच्या भिंतीत शेण आणि भुसा असतो, तिथे ही जटा आहे, आणि तुकडा आजही टणक लागतो. घरं जमिनीपासून उचलून ठोकळ्यांवर ठेवलेली, म्हणजे पूर आला, ओल आली तरी तुळया कुजत नाहीत. वाराही खालून फिरतो.

सासूबाईंना एक गोष्ट नक्की दाखवा. पुढच्या ओसरीतूनच एक जिना माळ्यावर जातो. माळ्यावर वयात आलेली मुलं झोपायची, त्यांना बाहेरच्या बाहेर ये-जा करता यायची. मुलींच्या खोलीचं दार मात्र आईबापांच्या खोलीतून. वाड्यात वाढलेल्या बाईला हे दोन मिनिटांत कळतं, गाईडची गरज नाही.

चालणं फार नाही. साधारण 23 एकरांचं आवार, सपाट आणि सावलीचं, वाटा बऱ्या. घरांच्या पायऱ्या मात्र चढाव्या लागतात, त्यामुळे त्या प्रत्येक घरात शिरतील असं धरू नका. एके ठिकाणी दोर ओढून पार करायचा तराफा आहे, तो जावयांना ओढू द्या. बाजूचं पाणी संथ, मातकट, आणि त्यात मगरजातीचा प्राणी राहतो. मगरींच्या विश्वामित्रीच्या काठी वाढलेल्याला त्यात नवल नाही, पण तरी काठावर फोटो काढू नका.

वाघोडिया रोडची वहिनी

काकांनी भिंती सांगितल्या, मी पोट सांगते. तिथलं रेस्टॉरंट आहे, 'आईचं स्वयंपाकघर' अशा अर्थाचं फ्रेंच नाव आहे त्याचं. पण तुमच्या सासूबाईंसाठी तिथे भात सोडून फार काही मिळेल अशी आशा धरू नका. गम्बो हा त्यांचा मुख्य पदार्थ. तेलात मैदा चॉकलेटी होईपर्यंत परतायचा, मग कांदा, ढोबळी मिरची, सेलरी. इथपर्यंत तोंडाला पाणी सुटतं, आणि मग त्यात कोंबडी आणि सॉसेज पडतात. भेंडी दिसली म्हणून हुरळू नका, भेंडीच्या खाली कोळंबी असते. राजमा-भात दिसतो तो पण फसवा, त्यात डुकराचं मांस शिजवलेलं. फरसबी, पालेभाजीतसुद्धा तुकडे टाकायची पद्धत आहे. मी "नो मीट" म्हटलं तर काउंटरवरची बाई अगदी मायेने म्हणाली, "देअर इज ओन्ली अ लिटिल, हनी."

ब्रेड पुडिंगमध्ये अंडी असतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनेझ, तेही अंड्याचं. म्हणून लेकीकडून थेपले आणि सुकी भाजी करून न्या, आणि डब्यात छुंदा. आवाराबाहेर बसून खा, आत बाहेरचं खाणं चालतं की नाही ते दारावर विचारा. बाकीच्यांनी गम्बो जरूर खावा. माझं मत विचाराल तर आपल्या सेवउसळीसारखं आहे ते: कोणीतरी एक गोष्ट आपल्या गावाहून आणली, इथल्या शेजाऱ्याने दुसरी घातली, आणि आता दोघंही म्हणतात आमचीच.

फतेगंज रिसर्चर

वहिनींच्या शेवटच्या वाक्यालाच जोडून लिहितो. ओव्हरसियरकाका, तुमची भिंत छान, पण फक्त अकेडियन लोकांची गोष्ट सांगून चालणार नाही. तिथे 1765 ते 1890 चा काळ दाखवतात आणि त्यात तिघे आहेत: अकेडियन, क्रेओल (म्हणजे तिथेच जन्मलेले, बरेचसे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वारशाचे लोक) आणि मूळनिवासी अटाकापा वगैरे जमाती. भेंडी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आली. गम्बो घट्ट करायची सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड चॉक्टॉ या मूळनिवासी जमातीची. आणि विस्थापित होऊन आलेल्या अकेडियन कुटुंबांतल्या काहींनी पुढे स्वतः गुलाम ठेवले, हेही खरं आहे. घर कोणाचं ते विचाराल तेव्हा बांधलं कोणी तेही विचारा. मी विचारलं तेव्हा तिथली मावशी टाळाटाळ न करता बोलली, उलट खुर्ची पुढे ओढून बोलली.

तीच मावशी तपकिरी कापूस कातत होती. रंगवलेला नव्हे, बोंडातूनच तपकिरी निघतो. तंतू आखूड, सरकीला घट्ट चिकटलेला, त्यामुळे बोटांनी सोडवायला वेळ लागतो. पूर्वी लेकीच्या लग्नाआधी आई या कापसाच्या चादरी विणून ठेवायची. तिने माझ्या हातात एक बोंड दिलं, मी अर्ध्या तासात जेमतेम टिचभर सूत काढलं असेन.

भाषेचंही विचारा तिला. तिच्या आईला शाळेत फ्रेंच बोलली म्हणून शिक्षा व्हायची. "मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही" असं पानभर लिहून काढायचं. 1921 च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच असं ठरवून टाकलं होतं. आईबापांनीच मग घरी मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली. 1968 मध्ये राज्याने फ्रेंच टिकवण्यासाठी मंडळ नेमलं, आता फ्रेंच माध्यमाचे वर्गही आहेत, पण मधली एक आख्खी पिढी हातची गेली. आपल्याकडे सयाजीरावांच्या गावात मराठीवर असा कुठला कायदा कोणी केला नाही, तरी माझी भाची मला गुजराती वळणाने "मामा, चल ने" म्हणते.

दांडियाबाजारचा ओव्हरसियर

रिसर्चरसाहेब, बरोबर आहे तुमचं, बांधलं कोणी हे मीही विचारायला हवं. फक्त "आपल्याकडे कायदा नव्हता" हे जरा सावकाश. 1906 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते मुख्यतः गुजरातीतून. ते योग्यच होतं, राज्यातली बहुसंख्य प्रजा गुजराती होती. आपण घरी काय बोलतो त्याचा दोष महाराजांवर टाकू नका. भाचीला आजीकडे पाठवा.

मांजलपूरकरीण

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मुलींच्या खोलीच्या दाराचा किस्सा ऐकून म्हणाल्या, "आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घरात अस्संच होतं," आणि मग माझ्या नणंदेची एक जुनी गोष्ट बाहेर आली, ती इथे लिहिता येणार नाही. जायचं नक्की. थेपल्यांचं लेकीला कळवलंय. ती म्हणते शनिवार चालेल. रविवारी काही खास असतं का?

वाघोडिया रोडची वहिनी

रविवारीच जा. दुपारी हॉलमध्ये बँड असतो आणि गावातलेच म्हातारे-म्हाताऱ्या जोडीने नाचतात. फिडल, छोटा अकॉर्डियन, आणि एक लोखंडी त्रिकोण, जो पूर्वी गवत ओढायच्या दाताळ्याचे जुने दात वाकवून बनवायचे. काही वेळा झायडेको संगीत असतं, क्रेओल लोकांचं, त्यात एक जण छातीवर पत्र्याचा वॉशबोर्ड अडकवून चमचे घासतो. आमच्या ह्यांना एका सत्तरीच्या आजींनी हात धरून ओढलं होतं, त्यांची पळता भुई थोडी झाली.

सोमवारी बंद असतं, आणि घरं चारला मिटतात, तेव्हा सकाळी लवकर निघा. ह्यूस्टनहून साडेतीन तास धरा. निघण्याआधी वेळ एकदा बघून घ्या, तिकीट दहा डॉलरच्या आसपास आहे, ज्येष्ठांना थोडं कमी.

मांजलपूरकरीण

सासूबाई विचारतायत, नाच बघायला खुर्च्या असतात का उभं राहायचं?

वाघोडिया रोडची वहिनी

खुर्च्या आहेत. पण भिंतीच्या कडेची धरायला सांगा, मधल्या रांगेत बसलं की ओढून नेतात.