परदेशात शिकताना: साध्या मंगळवारचे अनुभव

प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती यांवर माहितीचा नुसता पूर आहे. पण तिथे पोचल्यावर रोजचं काय? कपडे कधी धुता, कचरा कुठे टाकता, हाती पैसा कसा टिकतो, हे फारसं कोणी लिहीत नाही. ज्यांनी परदेशात एखादं सत्र किंवा अख्खी पदवी काढली असेल त्यांनी इथे लिहा. बर्फातले फोटो आणि किल्ले-राजवाडे नकोत, साधा मंगळवार हवा. देश तेवढा सांगा, विद्यापीठाचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल.

जर्मनी
माझे सुरुवातीचे दिवस पत्त्याची नोंदणी या एकाच गोष्टीने खाल्ले. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आमचे घरमालक तो कागद 'उद्या देतो' म्हणत राहिले. मिळाला तेव्हा नगरपालिकेची वेळ मिळेना. मग सकाळी डोळे उघडले की आधी फोनवर कोणी वेळ रद्द केली आहे का ते बघायचं. व्हिसासाठी आधीच बँकेच्या खात्यात अडकवून ठेवलेले खर्चाचे पैसे दरमहा ठरलेल्या हप्त्यानेच सुटतात, त्यामुळे महिनाअखेरीला बाटल्या परत करायचं मशीन फार जवळचं वाटायला लागतं.

हे मशीन बहुतेक सुपरमार्केटात असतं. बाटली आडवी आत सरकवायची, ती गोल गोल फिरते, बारकोड वाचला गेला की आत गडप. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला, विकत घेताना भरलेली अनामत म्हणून, 25 सेंट परत. चेपलेली असेल तर मशीन ती तोंडावर परत फेकतं, मग तिच्यात फुंकर मारून फुगवायची आणि पुन्हा घालायची. मागे रांगेतले आजोबा हे सगळं अत्यंत गांभीर्याने बघत असतात! शेवटी पावती निघते, ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे वजा. ही खरेदी शनिवारीच उरकायची, कारण रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली तेवढी उघडी असतात, पण तिथले भाव बघून भूक मरते.

तासांचं म्हणाल तर वेळापत्रकात दहा लिहिलं असलं तरी बऱ्याच ठिकाणी तास सव्वादहाला सुरू होतो. संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात.

स्कॉटलंड
तुमचं ते मशीन मला हवं होतं! आमच्याकडे गंमत मार्कांची. पहिल्या निबंधाला शंभरपैकी 64. मी तोंड पाडून बसले, आणि शेजारची मुलगी 62 मिळाले म्हणून खूश. तिथे 70 च्या पुढे गेलं की उत्तम श्रेणी, आणि 80 क्वचितच कोणाला दिसतात. हे घरी फोनवर समजावणं निबंध लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. बाकी डिसेंबरात एडिंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. दुपारचं जेवण लांबलं की ऊन चुकलंच म्हणून समजा. त्या महिन्यांत मी सकाळचे तास मुद्दाम लांब रस्त्याने चालत गाठायचे. कोणी जात असेल तर माझा हा एवढाच सल्ला.

जपान, क्योतो
कचरा! जळणारा कचरा पालिकेच्या ठरलेल्या पिवळ्या पिशवीतच, आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत बाहेर. डबे-बाटल्या वेगळ्या पिशवीत, वेगळ्या वारी. कावळे पिशव्या फाडतात म्हणून ढिगावर जाळी असते, ती उचलून पिशवी नीट आत सारायची. समोरच्या आजी खिडकीतून बघत असत. काही महिन्यांनी मान लवायला लागल्या, तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

सायकलची रीतसर नोंदणी करावी लागते. स्टेशनपाशी भलत्या जागी उभी केलीत तर उचलून नेतात आणि दंड भरून सोडवायला दूरच्या आवारात जावं लागतं. परवानगी काढली तर आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं. मी रात्री दुकानात उभा असायचो. भाषा वर्गात कमी आणि त्या काउंटरवर जास्त शिकलो.

अमेरिका
थोडक्यात लिहितो. सत्र चालू असताना कॅम्पसवरच काम, तेही आठवड्याला 20 तासांपर्यंत. मी भोजनगृहात ताटं विसळायचो. वाफेने चष्मा कायम धुरकट. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास खोलीचं दार उघडं ठेवून बसतात आणि परीक्षा जवळ येईपर्यंत तिकडे कुत्रं फिरकत नाही. मी उगाच जायला लागलो. शंका संपल्या तरी जायचो. पुढे शिफारसपत्र मागताना नव्याने ओळख सांगावी लागली नाही. कपडे धुण्याबद्दल बोलायलाच नको: मशीन थांबलं आणि तुम्ही हजर नसलात, तर तुमचे ओले कपडे कोणीतरी वर ढीग करून ठेवलेले असतात.

जर्मनी, आणखी एक
वरच्या ताईंनी नोंदणीचं लिहिलं, त्याला जोडून. पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी येतं. पण ती घरटी एकच असते, माणशी नाही. त्यामुळे राहायला गेल्या गेल्या फ्लॅटमध्ये आधीपासून कोण भरतंय ते विचारा, त्याचा वर्गणी क्रमांक उत्तरात कळवा आणि आपला वाटा त्याला द्या. आमच्याकडे चौघांच्या नावे चार पत्रं आली होती. ती फ्रिजवर लावून ठेवली होती आणि भरणार कोण यावर स्वयंपाकघरात रात्री उशिरापर्यंत खल चालायचा.