माइनक्राफ्टमध्ये चार बिटांची बेरीज करणारे यंत्र: सल्ला हवा

अकरावीचा_बाबा: मुलीला अकरावीत लॉजिक गेट (० आणि १ या संकेतांवरून उत्तर ठरवणारी मंडले) शिकवली, पण फळ्यावरच्या आकृतीपलीकडे तिच्या हाती काही लागले नाही. म्हणून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळातली वीज वाहून नेणारी लाल धूळ, म्हणजे रेडस्टोन, वापरून चार बिटांच्या (० किंवा १ अशा चार अंकांच्या) दोन संख्यांची बेरीज करणारे यंत्र आम्ही दोघे बांधणार आहोत. खेळ अँड्रॉइड फोनवर, म्हणजे बेडरॉक आवृत्तीत आहे. खर्चाची मर्यादा ५०० रुपये. सुरुवात कोठून करावी?

दगडफोड्या: ५०० रुपयांत काहीही होणार नाही. मी ३२ जीबी मेमरीचा संगणक आणि खेळाची संगणकावरची जावा आवृत्ती घेतली, आणि तेव्हापासून मागे वळून पाहिलेले नाही. आपणही तेच करावे.

पिस्टनग्रस्त: जावाच्या चित्रफिती पाहून फोनवर गुप्त दरवाजा बांधण्यात माझ्या तीन संध्याकाळी वाया गेल्या. जावात पिस्टनच्या (ठोकळे ढकलणाऱ्या भागाच्या) वरच्या रिकाम्या घराला वीज मिळाली तरी पिस्टन चालतो. बेडरॉकमध्ये तसे होत नाही, हे मला कोणीही सांगितले नव्हते.

लाल_धूळ: बेरजेला पिस्टन लागतच नाही, त्यामुळे संगणक घेण्याचे कारण नाही. ज्या ठोकळ्याला टॉर्च (रेडस्टोनची मशाल) लावली आहे त्याला वीज दिली की टॉर्च विझते. हेच संकेत उलटवणारे नॉट गेट. धुळीच्या दोन रेषा जोडल्या की ऑर गेट (एक संकेत आला तरी चालू), आणि दोन्ही संकेत उलटवून, जोडून, पुन्हा उलटवले की तीन टॉर्चमध्ये अँड गेट (दोन्ही संकेत आले तरच चालू) तयार होते. दोन एक्सॉर (दोहोंपैकी एकच संकेत आला तर चालू), दोन अँड आणि एक ऑर मिळून एक फुल ॲडर, म्हणजे दोन बिटे आणि मागचा हातचा यांची बेरीज करणारा भाग, होतो. असे चार शेजारीशेजारी मांडून प्रत्येकाचा हातचा पुढच्याला द्यावा. सगळे साहित्य आयते मिळणाऱ्या क्रिएटिव्ह प्रकारातल्या सपाट जगात बांधावे. रेषा जोडताना मधे रिपीटर (संकेत एकाच दिशेने पुढे पाठवणारा भाग) अवश्य घालावा, नाहीतर एका रेषेची वीज दुसरीत उलटी शिरते. माझ्या पहिल्या यंत्राचे सगळे दिवे त्यामुळेच कायम पेटलेले होते.

तुलनाकार: संकेतांच्या पातळ्यांची तुलना करणारा कंपॅरेटर २०१३ साली आला तरी लोक टॉर्चच लावत बसतात. धुळीच्या संकेताला ० ते १५ अशा १६ पातळ्या असतात, म्हणजे चार बिटांची संख्या एकाच रेषेत मावते.

लाल_धूळ: मावते, पण प्रत्येक ठोकळ्यामागे पातळी एकाने घटते, १५ची संख्या तीन ठोकळ्यांवर १२ होते. शिवाय मुलीला गेट शिकायची आहेत.

तुलनाकार: दोन कंपॅरेटरमधले अंतर कमी ठेवावे, एवढे साधे आहे.

फुकट_बरे: लुआंटी हा मोफत खेळ फोनवरही चालतो आणि त्यातल्या मेसेकॉन्स या रेडस्टोनसारख्या पुरवणीत गेट तयार मिळतात.

दगडफोड्या: जावा घ्या. क्रिएटिव्ह प्रकारातच बांधा, हे मीही म्हणणारच होतो.

लाल_धूळ: एक राहिले. १५ अधिक १ करताना हातचा चारही ॲडरमधून सरकतो आणि प्रत्येक टॉर्च व रिपीटर किमान ०.१ सेकंद घेतो, म्हणून दिवे स्थिरावल्यावरच उत्तर वाचावे.

अकरावीचा_बाबा: सर्वांचे आभार. मुलीने मात्र सर्व्हायव्हल प्रकारच निवडला आहे; धूळ स्वतः खणून आणायची आणि कंपॅरेटर वापरायचा नाही, असा तिचा हट्ट आहे. ५०० रुपयांतून फोन टेकवायचा स्टँड घेतला.

तुलनाकार: मग विचारले कशाला?

पिस्टनग्रस्त: खणताना लोखंडी कुदळ न्यावी, दगडी कुदळीने रेडस्टोनचे खनिज फुटते, पण हाती काहीच येत नाही. माझे पहिले सात ठोकळे तसेच गेले.