बुद्धिबळाचा प्रोग्रामिंगसाठी खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न:
माझी मुलगी नववीत असून गेली काही वर्षे नियमितपणे बुद्धिबळ खेळते. यंदा तिने पायथॉन शिकायला सुरुवात केली आहे. चांगल्या खेळाडूला प्रोग्रामिंग आपोआप जमते, असे तिच्या प्रशिक्षकांचे मत आहे. पुढच्या वर्षी दहावी असल्याने वेळ मोजकाच मिळणार. म्हणून या मताला काही आधार आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
आधार फारसा भक्कम नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले की, खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडतो, परंतु तेच मोहरे पटावर कसेही विखुरले की नवशिक्यावरची त्याची आघाडी जवळजवळ संपते. म्हणजे हे कौशल्य बरेचसे ओळखीच्या रचनांचे असते, आणि त्या रचना कोडमध्ये भेटत नाहीत. इंग्लंडमधील शंभर प्राथमिक शाळांत झालेल्या प्रयोगाच्या २०१६ च्या अहवालातही, बुद्धिबळ शिकलेल्या मुलांचे गणित वर्षभरानंतर इतरांपेक्षा सुधारल्याचे आढळले नाही.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मात्र खेळणे आणि पटाविषयी प्रोग्राम लिहिणे यांत फरक करावा. मुलीला आठ वजिरांचे कोडे द्या: एकमेकांना मारणार नाहीत असे आठ वजीर पटावर ठेवायचे. चौसष्ट घरांतून आठ घरे निवडण्याचे सुमारे ४४२ कोटी प्रकार होतात. प्रत्येक आडव्या ओळीत एकच वजीर असणार, एवढे लक्षात घेतले तरी ते सुमारे १ कोटी ६८ लाखांवर येतात. आणि जिथे मारामारी दिसली तिथूनच मागे फिरले, तर ९२ उत्तरे क्षणार्धात मिळतात. बॅकट्रॅकिंग, म्हणजे अशी मागे फिरत उत्तर शोधण्याची पद्धत, शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि वजिराची चाल तिला मुळातच पाठ आहे.

प्रतिसाद ३:
प्रशिक्षकांचे मत मी पूर्णपणे मोडीत काढणार नाही. ‘यावर समोरचा काय खेळेल?’ हे विचारायची सवय प्रोग्राम तपासताना उपयोगी पडते, कारण वापरणारा नको तेच टंकणार असे धरून चालावे लागते. पण त्यासाठी हरलेला डाव स्टॉकफिश (डावाचे विश्लेषण करणारे संगणकीय इंजिन) सुरू करण्यापूर्वी स्वतः तपासून, चूक नेमकी कोणत्या खेळीला झाली हे लिहून काढावे लागते. ती हे करते का?

प्रश्नकर्ता:
नाही, डाव संपताच ती इंजिन लावते. आठ वजिरांचे कोडे मात्र या रविवारी देतो.