नावाने तिकीट मिळतं, पण पुढे?

कुणीतरी म्हटलंय की तासगावचे आमदार रोहित पाटील केवळ वडिलांच्या, म्हणजे माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटलांच्या नावावर निवडून आले. अर्धं खरं आहे. तिकीट नावामुळेच मिळालं, नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२२ च्या सुरुवातीला सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ नगरपंचायतीत सगळे विरोधक एकवटलेले असताना या मुलाने बहुमत आणलं, तेव्हा तो आमदारकीच्या वयातही बसत नव्हता. विधानसभेला पंचवीस पूर्ण लागतात. ती होताच २०२४ ला तासगावातून संजयकाका पाटलांसारख्या माजी खासदाराला हरवून तो सभागृहात सर्वात तरुण सदस्य म्हणून गेला. विधानसभा अध्यक्षांच्या अभिनंदनाचं त्याचं भाषण मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. आवाजात आबा ऐकू येतात, डोळ्यात पाणी येतं.

तरी मला काळजी वाटते ती वेगळीच. आर. आर. आबा १९९० ला आमदार झाले, पण त्याआधी अकरा वर्षं जिल्हा परिषदेत होते. रस्ता, शाळा, पाण्याची योजना कुठल्या टेबलावर अडते हे त्यांना तोंडपाठ होतं. रोहितला ते आमदार असतानाच शिकावं लागणार आहे, तेही विरोधी बाकावरून. भाषणाची क्लिप फिरते, लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नावर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यायला लावणारी सूचना) लागावी म्हणून केलेली धडपड कुणाला दिसत नाही. आपण मतदारांनी तीच विचारायला हवी.