मदत हवी आहे: एकाच वस्तूचे दोन भाव, कारण कसं मागायचं?

मंडळी, जरा गाइड करा. एका किराणा अ‍ॅपवर तेच एक किलो तूप आईच्या फोनवर ६१० ला आणि माझ्या फोनवर ६६५ ला दिसतंय, पत्ता एकच, दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितलं, कूपन वगैरे काही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२५ पासून कायदा आहे, ग्राहकाचा डेटा वापरून अल्गोरिदमने किंमत ठरवली असेल तर तसं किंमतीजवळच लिहावं लागतं. आपल्याकडे फोननुसार कॅबचं भाडं वेगळं दाखवल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२५ मध्ये ओला-उबरला नोटिसा गेल्या होत्या, दोघांनीही आरोप नाकारले. कमीजास्त भाव लावा, पण कशावरून लावला ते सांगायला नको का? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना स्क्रीनशॉट पुरतात का, आणि कंपनीकडून लेखी कारण कुणाला मिळालंय का?